भीती उसनी देताना

चेन्नईच्या बीच रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं, की राजाजी सालै हा मोठा रस्ता लागतो. त्याच्या कडेनं टपऱ्यांची लांबच लांब रांग आहे. हाच तो बर्मा बाजार. १९६० च्या दशकात ब्रह्मदेशातून परतावं लागलेल्या तमिळ कुटुंबांनी पोटापाण्यासाठी इथं दुकानं थाटली आणि परदेशी घड्याळं, सेंट, टेपरेकॉर्डर यांच्यासाठी हा बाजार मद्रासभर प्रसिद्ध झाला. पुढं व्हीसीडी आणि डीव्हीडीचे दिवस आले, तेव्हा जगभरच्या सिनेमांच्या तबकड्या इथं ढिगानं मिळू लागल्या. बहुतेक माल चोरट्या प्रतींचा, त्यामुळे अधूनमधून पोलिसांच्या धाडी. तरीही सिनेमावेडी पोरं इथं तासन् तास घुटमळत.

२०१४ साली नोकरीनिमित्त मी चेन्नईत नवीनच आले होते. तमिळचा गंध नव्हता. एका टपरीशी उभी असताना दुकानदारानं माझ्याकडं पाहून विचारलं, ''पेय पडम वेणुमा?''

मला वाटलं, थंड पेय वगैरे विचारतोय. मी हातानंच ''नको, आत्ताच चहा झाला'' असं सांगितलं. तो बिचारा गोंधळून बघत राहिला.

संध्याकाळी हा किस्सा मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितला, तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ''अगं अम्मा, पेय म्हणजे भूत! पडम म्हणजे सिनेमा! तो तुला भुताचा सिनेमा हवा का, म्हणून विचारत होता.''

तेव्हाच आमची गट्टी जमली. कारण मलाही लहानपणापासून भुताच्या गोष्टींचं भयंकर वेड. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी पांघरुणात बॅटरी लावून वाचलेले. आणि काका तर या विषयातले पंडितच निघाले!

शर्यत सुरू झाली

काका तंजावरकडचे मराठी. व्यंकोजीराजांच्या वेळेपासून तिकडं स्थायिक झालेल्या घराण्यांपैकी एका घरातले. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं आणि मधूनच एखादा असा जुना शब्द येतो, की आपण चमकून बघावं. बँकेतून निवृत्त होऊन ते पश्चिम मांबलममध्ये राहत होते. आदल्याच वर्षी काकू गेल्या होत्या. मुलगा परदेशात. घरात एकटेच.

शेजारणी जशा वाटीभर साखर उसनी देतात-घेतात, तशी आमची सिनेमांची देवाणघेवाण सुरू झाली. भयपटाच्या शौकिनांचं एक गुपित सांगते. सगळ्यांना ठाऊक असलेला सिनेमा सुचवण्यात त्यांना मुळीच गंमत वाटत नाही. 'चंद्रमुखी' कुणीही सांगेल! रजनीकांतचा हा चित्रपट २००५ मध्ये लागला आणि माउंट रोडवरच्या शांती थिएटरात दोन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकून बसला. तो बघितला म्हणून कुणी तुमची पाठ थोपटणार नाही. समोरच्यानं नावही ऐकलेलं नाही, असं काही तरी काढून दाखवायचं, हा खरा खेळ.

काका म्हणायचे, ''मद्रासमध्ये सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट कशामुळं लागलं, माहीत आहे? भुतामुळं!'' आणि ते खरंच आहे. एम. जी. रामचंद्रन यांचा 'मर्मयोगी' १९५१ मध्ये आला. त्यात भुताची दृश्यं होती, तेवढ्यावरून सेन्सॉरनं त्याला केवळ प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. तमिळमधला तो पहिला 'ए' चित्रपट!

मग त्यांनी 'नडु इरविल' काढला. म्हणजे 'मध्यरात्री'. १९७० चा हा कृष्णधवल चित्रपट एस. बालचंदर यांचा. हो, तेच प्रख्यात वीणावादक! याच गृहस्थांनी १९५४ मध्ये 'अंद नाळ' हा एकही गाणं नसलेला तमिळ चित्रपट काढला होता. 'नडु इरविल'मध्ये एका आडबाजूच्या वाड्यात नातेवाईक जमतात आणि एकेक जण मरू लागतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या ज्या कादंबरीवरून आपल्याकडं 'गुमनाम' (१९६५) निघाला, तीच ही जातकुळी. भूत दिसण्यापेक्षा ताटावर बसलेल्यांपैकी नेमका कोण, ही शंकाच माणसाला पोखरते.

काकांच्या पोतडीतलं तिसरं रत्न म्हणजे 'जेन्म नक्षत्रम'. १९७६ च्या 'द ओमेन' या गाजलेल्या इंग्रजी चित्रपटाचा १९९१ मध्ये निघालेला तमिळ अवतार. त्याच वर्षीचा 'उरुवम' मात्र त्यांनी हातचं राखून शेवटी दिला. त्याबद्दल पुढं सांगते.

माझी बढाई

तर अशा पंडितापुढं मला काही तरी जबरदस्त काढून दाखवायचं होतं. बर्मा बाजारात शोधता शोधता मला 'ऑडिशन' सापडला. ताकाशी मिइके या जपानी दिग्दर्शकाचा १९९९ चा चित्रपट. जगातल्या अति भयंकर चित्रपटांच्या यादीत त्याचं नाव हमखास असतं. पहिला तासभर अगदी सौम्य, एखाद्या कौटुंबिक चित्रपटासारखा जातो आणि नंतर जे सुरू होतं, ते या पानावर लिहिण्यासारखं नाही. सुया आणि तार, एवढंच सांगते.

''काका, हा बघा. हा पाहून झोप लागली तर नाव बदलीन!'' असं म्हणून मी ती डीव्हीडी त्यांच्या हातात ठेवली आणि विजयी मुद्रेनं जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर कडीला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली. आत डीव्हीडी. चिठ्ठी नाही, काही नाही.

त्यानंतर जवळजवळ सहा आठवडे काका माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेटले, तर मान हलवून पुढं जायचे. मला वाटलं, जास्तच घाबरले की काय! मनातून थोडी गंमतही वाटली, हे कबूल करते.

मग एका रात्री जेवताना एकदम लक्षात आलं आणि हातातला घास हातातच राहिला. 'ऑडिशन'ची गोष्ट कोणाची? बायको वारलेल्या एका माणसाची. घरात तो आणि मुलगा. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही पुन्हा लग्न करा. बिचारा एकटेपणाला कंटाळून सोबत शोधायला जातो आणि त्या इच्छेचीच त्याला भयानक शिक्षा मिळते.

आणि हा सिनेमा मी कुणाला दिला होता? काकू जाऊन वर्ष झालेलं. काका संध्याकाळी एकटेच फिल्टर कॉफी करून दोन पेले काढायचे आणि मग एक परत ठेवून द्यायचे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्या डोक्यात फक्त एकच विचार होता, की माझा सिनेमा त्यांच्या सिनेमापेक्षा भयंकर कसा ठरेल!

दुसऱ्या दिवशी खाली गेले. माफी मागितली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''सिनेमा वाईट नाही अम्मा. खूप हुशारीनं काढलाय. पण भीती उसनी द्यायची, तर समोरच्याच्या घरात आधीच किती भीती आहे, ते बघून द्यावी.''

पत्रकारितेच्या पदविकेत वाचक ओळखून लिहावं, असं आम्हाला शिकवलं होतं. तो धडा माझ्या डोक्यात शिरायला मात्र हा जिना उतरावा लागला.

कुणाला काय सुचवाल?

तेव्हापासून मी भयपट सुचवते, तो माणूस बघून. भयंकर किती, हा प्रश्न दुसरा. कुणासाठी, हा पहिला. चेन्नईच्या खजिन्यातले, मराठी घरांत फारसे पोहोचलेले नसलेले काही चित्रपट त्याच हिशेबानं सांगते.

रोज मालिका बघणाऱ्या घरासाठी 'यावरुम नलम' (२००९). अर्थ 'सगळे खुशाल'. विक्रम कुमार यांचा हा चित्रपट हिंदीत '१३ बी' या नावानं आला. माधवनचं एकत्र कुटुंब तेराव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतं. देवघरात खिळा ठोकला जात नाही, दूध नासतं, लिफ्ट याच्या एकट्यासाठी चालत नाही. आणि घरातल्या बायका दुपारी एक वाजता जी मालिका बघतात, तिच्यात यांच्याच घरात घडणाऱ्या गोष्टी घडू लागतात! रक्तपात बेताचा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही लावताना हात थबकतो. सुरुवात करायची असेल, तर इथूनच करा.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी 'ईरम' (२००९). म्हणजे 'ओल'. दिग्दर्शक अरिवळगन. एका अपार्टमेंटमध्ये तरुण विवाहितेचा मृत्यू होतो आणि तपासाला येतो तो तिच्यावर एके काळी प्रेम करणारा पोलिस अधिकारी. इथं भूत येतं ते पाण्यातून. नळ, पाऊस, ओली फरशी. पण खरी भीती आहे ती जिन्यातल्या कुजबुजीची आणि नवऱ्याच्या संशयाची. बाईबद्दल सहज बोललेला एक शब्द कुठवर जातो, हे हा चित्रपट दाखवतो. नव्यानं लग्न झालेल्या आणि सासरी जीव रमत नसलेल्या मुलीला मात्र एकटीनं बघायला सांगू नका.

धीट बायकांसाठी 'माया' (२०१५). अश्विन सरवणन यांचा पहिलाच चित्रपट, प्रमुख भूमिकेत नयनतारा. भुताचा सिनेमा थिएटरात एकट्यानं पूर्ण बघणाऱ्याला बक्षीस, ही आवई आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते. राम गोपाल वर्मांनी २००८ मध्ये 'फूंक'च्या वेळी तर खरंच पाच लाखांचं आव्हान दिलं होतं. 'माया'त असंच बक्षीस मिळवायला निघते ती कर्जात बुडालेली, तान्ह्या मुलीला एकटीनं वाढवणारी आई. भुतापेक्षा देणेकऱ्याची तिला जास्त धास्ती. ती अंधाऱ्या थिएटरात एकटी बसते, तेव्हा आपणही खुर्चीच्या कडेवर येतो.

कॉलेजच्या कंपूसाठी 'डिमॉन्टे कॉलनी' (२०१५). अजय ज्ञानमुत्तू यांचा. चार मित्र गंमत म्हणून एका पछाडलेल्या बंगल्यात शिरतात आणि त्यानंतर स्वतःच्या खोलीत अडकून पडतात. अर्ध्याहून अधिक भीती एका भाड्याच्या खोलीत उभी केली आहे. ही कॉलनी चेन्नईत आळ्वारपेट भागात खरोखरच आहे. जॉन डी माँटे या पोर्तुगीज वंशाच्या धनाढ्य व्यापाऱ्याची ही मालमत्ता त्याच्या मागं चर्चकडं गेली. तिथली घरं वर्षानुवर्षं बंद राहिली आणि लोकांनी त्यांत भुतं वसवली. काकांचं म्हणणं असं, की ज्या शहरात भाड्याचं घर मिळताना घाम फुटतो, तिथं मोकळी घरं दिसली, की माणसाला भुताशिवाय दुसरं कारणच सुचत नाही!

सगळं पाहून झालेल्यांसाठी 'ओर इरवु' (२०१०). 'एक रात्र'. अगदी थोड्या पैशांत काढलेला प्रयोग. भुतांचा शोध घेणारा एक माणूस रात्री एका घरात शिरतो आणि त्याच्या डोळ्यांना दिसतं, तेवढंच आपल्याला दिसतं. तांत्रिक सफाई शोधाल, तर निराश व्हाल. पण दिवा मालवून बघितलात, तर वळून मागं बघण्याची सोय नाही, ही जाणीव पुरेशी आहे.

आता अति भयंकर. इथं मी दोनच नावं घेते. पहिलं, 'अवळ' (२०१७). म्हणजे 'ती'. मिलिंद राव दिग्दर्शित हा चित्रपट हिंदीत 'द हाउस नेक्स्ट डोअर' म्हणून आला. हिमालयाच्या कुशीतलं घर, शेजारी राहायला आलेलं कुटुंब आणि त्यांची तरुण मुलगी. काही दृश्यं अंगावर येतात. पण सगळ्याच्या मुळाशी जे निघतं, ते आपल्या 'लपाछपी'च्या प्रेक्षकांना फार ओळखीचं वाटेल.

दुसरं, काकांनी राखून ठेवलेला 'उरुवम' (१९९१). दिग्दर्शक जी. एम. कुमार, संगीत इळैयराजा. नायक मोहन हा ऐंशीच्या दशकातला लाडका प्रेमवीर. हातात माइक घेऊन गाणी म्हणायचा, म्हणून लोक त्याला 'माइक मोहन' म्हणत. त्याच गोड चेहऱ्याची इथं जी दशा केली आहे, ती बघवत नाही. करणी झालेल्या घराची ही कहाणी. देव न मानणारा कर्ता पुरुष आणि त्याच्या डोळ्यांदेखत कोसळत जाणारं कुटुंब. घरात कुणी दीर्घ आजारी असेल किंवा कुणाच्या मनात करणी-भानामतीची शंका घर करून असेल, तर हा चित्रपट कितीही दुर्मिळ असला, तरी त्या घरात नेऊ नका. करणी बिरणी काही नसते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आजारपणात खचलेलं मन पडद्यावरचं खरं मानतं आणि मग डॉक्टर सोडून मांत्रिकाचं दार ठोठावतं.

आणि मुलांचं काय?

प्रमाणपत्राकडं आधी बघा. २०२४ पासून 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत. हा आकडा पालकांसाठीच असतो. 'ए' असेल तर प्रश्नच मिटला. मूल फार मागं लागलं, तर दिवसाउजेडी, आपण शेजारी बसून, आवाज कमी करून बघावं. भयपटातली निम्मी भीती आवाजात असते. भीती वाटली की आवाज बंद करून बघा, तेच भूत केविलवाणं दिसू लागतं. ही युक्ती मोठ्यांनाही चालते!

आता बर्मा बाजारातल्या तबकड्यांचे दिवस सरले. चित्रपट फोनवर दिसतात, खाली इंग्रजी अक्षरं येतात. कुठल्या ॲपवर काय आहे, ते सारखं बदलत असल्यानं नाव टाकून शोधणं उत्तम.

दुसरा पेला

माफी मागितली, त्यानंतरची गोष्ट राहिलीच.

त्याच वर्षी डिसेंबरात मिष्किन यांचा 'पिसासु' लागला. काका स्वतःच वर आले आणि म्हणाले, ''चल, पेय पडमला जाऊ.'' मी घाबरले. ''नको काका, काही तरी हलकंफुलकं बघू.'' पण त्यांनी तिकिटं काढली होती.

थिएटरात खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नव्हती. काका माझ्या कानाशी हळू आवाजात सगळं मराठीत सांगत होते. रस्त्यावर अपघात होतो. एक अनोळखी मुलगी व्हायोलिन वाजवणाऱ्या एका तरुणाचा हात धरून प्राण सोडते. आणि मग ती त्याच्या घरात येऊन राहते. तो बियर प्यायला लागला, की पिऊ देत नाही. तिच्या म्हाताऱ्या बापाचं दुःख पडद्यावर आलं, तसं काकांचं भाषांतर थांबलं. मीही विचारलं नाही. पुढचं न सांगताच कळत होतं.

शेवट काय होतो, ते सांगत नाही. तुम्हीच बघा. घरातलं कुणी गेलेलं असेल, तर थोडे दिवस जाऊ द्या आणि मग बघा. एकट्यानं नको, कुणाला तरी सोबत घेऊन.

परत येताना काका बसमध्ये गप्प होते. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, ''लोक म्हणतात, घरात कुणी तरी वावरतंय असं वाटणं वाईट. मला नाही वाटत वाईट.'' आणि किल्ली लावून आत गेले. मिनिटभरानं पुन्हा दार उघडून म्हणाले, ''कॉफी घेणार?''

त्यांनी दोन पेले काढले. त्या दिवशी दुसरा परत ठेवावा लागला नाही.

आमची उसनवारी अजूनही चालू आहे. फक्त आता सिनेमा देण्याआधी आम्ही दोघंही एक प्रश्न विचारतो, ''सध्या झोप कशी लागते?'' उत्तर ऐकून मगच नाव सांगतो.